वावरावरून ड्रोन फिरवताना: विदर्भातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांत ड्रोनने पिकांची पाहणी करायला गेलो की धुऱ्यावर, पारावर आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एका जागी लिहून काढले आहेत. हे पान पाहणीच्या ड्रोनबद्दल आहे. फवारणीचा विषय लागला तिथेच आला आहे.

१. ड्रोन फिरवून नेमकं दिसतं काय?

वावराचा कोणता भाग बाकीच्यापेक्षा मागे पडला आहे, ते दिसतं. पाच एकर पऱ्हाटी (कपाशी) धुऱ्यावरून पाहिली तर पहिले आठ-दहा तास, म्हणजे पिकाच्या ओळी, नीट दिसतात, पुढे सगळं हिरवं एकसारखं वाटतं. मधोमध पाणी साचून अर्धा एकर पिवळा पडला असेल तर तो आपल्याला आठ-दहा दिवस उशिरा कळतो. वरून तो लगेच दिसतो. पण तो पिवळा का पडला, हे ड्रोन सांगत नाही. ड्रोन जागा दाखवतो. कारण शोधायला तिथवर चालत जावं लागतं. हे आधी पक्कं लक्षात घ्या, म्हणजे पैसेही वाया जाणार नाहीत आणि चुकीचं औषधही पडणार नाही.

२. जे कॅमेऱ्याला दिसतं ते माझ्या डोळ्याला का दिसत नाही? मी तर रोज वावरात जातो.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण त्यातलं हरितद्रव्य त्यावर अन्न बनवतं. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र तेच पान मोठ्या प्रमाणात परत फेकतं. हे पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे होतं. पीक ताणात आलं किंवा पेशी कोलमडू लागल्या की हा परत येणारा अवरक्त प्रकाश घटतो, आणि बरेचदा पान डोळ्यांना पिवळं दिसण्याआधी घटतो. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा हिरवा, लाल, लाल-अवरक्ताच्या सीमेवरचा आणि अवरक्त असे पट्टे वेगवेगळे टिपतो. तुमच्या अनुभवात काही कमी आहे असं नाही. माणसाच्या डोळ्याला तो पट्टा दिसतच नाही.

३. एनडीव्हीआय किती आला म्हणजे पीक चांगलं?

एनडीव्हीआय म्हणजे पीक किती हिरवं आणि जोमदार आहे हे सांगणारा आकडा. नकाशात कमी आकडा लाल आणि जास्त आकडा हिरवा रंगवतात. आधी हिशेब समजून घ्या. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. एखादं पान अवरक्त ५० टक्के आणि लाल ५ टक्के परत फेकत असेल तर ४५ भागिले ५५, म्हणजे ०.८२. तेच पान खंगून अवरक्त ३५ आणि लाल १२ झालं, तर २३ भागिले ४७, म्हणजे ०.४९. उघडी जमीन साधारण ०.१ ते ०.२ च्या आसपास येते.

पण "०.६ म्हणजे पास" असा कुठलाही एक आकडा नाही. तीस दिवसांच्या कपाशीत तासांमधली काळी जमीनच जास्त दिसते, म्हणून पीक ठणठणीत असूनही आकडा कमी येतो. उलट दाटलेल्या सोयाबीनमध्ये आकडा वर जाऊन अडकतो आणि चांगलं व फार चांगलं यात फरक दाखवत नाही. तिथे एनडीआरई हा, लालऐवजी लाल-अवरक्ताच्या सीमेवरचा पट्टा घेणारा, दुसरा निर्देशांक जास्त कामाचा. तुलना नेहमी त्याच वावरात, त्याच दिवशी, त्याच वाणाची करा. शेजाऱ्याचा आकडा तुमच्यापेक्षा जास्त आला म्हणून झोप उडवून घेऊ नका.

४. आमच्या गावातल्या बचत गटाला ड्रोन मिळाला आहे. त्याच्यावरच हे होईल ना?

बहुतेक नाही. नमो ड्रोन दीदी योजनेतले ड्रोन फवारणीसाठी आहेत. त्यांना टाकी आणि नोझल असतं. वर सांगितलेला मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा नसतो. पाहणीचा ड्रोन हलका आणि फवारणीचा जड, दोघांची कामं वेगळी. मात्र दोघांची जोडी चांगली जमते. पाच एकरांपैकी पाहणीने दाखवलेल्या दीड एकरातच फवारणी केली, तर बाकी साडेतीन एकरांवरचं औषध वाचतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला कमी फवारणीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ड्रोनने फवारणी केली तरी टाकीत औषध मिसळणारा माणूस असतोच. हातमोजे आणि मास्क त्यालाही लागतात.

५. भाच्याकडे लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन आहे. तो चालेल का?

सुरुवातीला चालेल, आणि माझ्या मते सुरुवात त्यानेच करावी. साध्या कॅमेऱ्याने वरून सरळ खाली बघून काढलेल्या फोटोत पाणी साचलेली जागा, नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) पडलेले तास, तणाचे ठिगळ, जनावरांनी लोळवलेलं पीक हे सगळं दिसतं. विदर्भातल्या कोरडवाहू वावरात नुकसानीची बरीच कारणं याच प्रकारची असतात. जे डोळ्यांना अजून दिसत नाही तेवढं या कॅमेऱ्यालाही दिसणार नाही (प्रश्न २ पहा). फोटो तिरपे काढू नका. लग्नात तिरपा फोटो शोभतो, वावरात त्याने अंतराचा अंदाज चुकतो.

६. उडवायला परवानगी लागते का? पोलीस पकडतील का?

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे चालतं. ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेच्या नकाशात हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी लागते. दोन किलोपर्यंतचा ड्रोन स्वतःच्या वावरात, पैसे न घेता उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. भाड्याने दुसऱ्यांच्या वावरात दोन किलोचा ड्रोन न्यायचा तर प्रमाणपत्र हवं. त्यासाठी वय किमान १८ आणि शिक्षण दहावी पास लागतं.

आपल्या भागात हा नकाशा प्रत्येक वेळी बघा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. नागपूरचं विमानतळ, पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडाऱ्याजवळची आणि भद्रावतीची आयुध निर्माणी यांच्या आसपास वावर असेल तर आधी चौकशी. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा यांच्या हद्दीला लागून शेती असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय ड्रोन वर काढू नका. आणि कुठेही गेलात तरी पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. नियमात नसलं तरी गावात याने फार फरक पडतो.

७. विकत घेऊ का? अनुदान आहे ना?

एकट्याने पाहणीचा ड्रोन विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून पाच-सहा दिवसांच्या कामासाठी तो घरात पडून राहतो आणि बॅटऱ्या खराब होतात. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजार भाडे केंद्राला ४० टक्के, जास्तीत जास्त ४ लाख, आणि असं केंद्र काढणाऱ्या कृषी पदवीधराला ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख असं अनुदान ठरलेलं आहे. नमो ड्रोन दीदीत महिला बचत गटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख. पण हे मुख्यतः फवारणीच्या ड्रोनसाठी (प्रश्न ४). शेतकरी उत्पादक कंपनीने एक पाहणीचा ड्रोन आणि गावातलाच एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी तयार केली, तर ते परवडतं. त्या हंगामाला योजना चालू आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जा.

८. उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात म्हणतात. मग ड्रोन कशाला?

खरं आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत आहेत आणि साधारण दर ५ दिवसांनी नवीन येतात. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे एका एकराला सुमारे ४० ठिपके. दहा एकरांच्या सलग तुकड्याचा अंदाज त्यातून छान येतो, आणि मागच्या पाच-सात वर्षांची चित्रंही फुकटात पाहता येतात. हा त्याचा फार मोठा फायदा आहे (प्रश्न १३ पहा).

अडचण ढगांची. जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकं सोयाबीन फुलोऱ्यात असताना, आपल्याकडे आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेलं असतं आणि चित्रात पांढऱ्या ढगांशिवाय काही येत नाही. ड्रोन ढगांखालून उडतो. १२० मीटरवरून त्याचा एक ठिपका साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा असतो, म्हणजे एकेक झाड वेगळं दिसतं. मी आधी उपग्रहाचं चित्र बघतो आणि शंका आली तरच ड्रोन नेतो.

९. हंगामात किती वेळा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी उडवायचा?

कपाशीला ४० दिवसांच्या आत उडवून फार काही कळत नाही. तेव्हा फक्त उगवण आणि नांग्या बघाव्यात. पुढे पातं लागताना एकदा, बोंडं भरताना एकदा, आणि जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा. सोयाबीनला फुलोऱ्याच्या आधी आणि शेंगा भरताना. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. त्याआधी आणि नंतर तासांची सावली लांब पडते आणि नकाशा खोटा बोलतो. ऊन-ढग खेळत असतील तर थांबा. अख्खं आभाळ एकसारखं भरलेलं असलं तरी चालतं, पण अर्धं ऊन अर्धी सावली चालत नाही. उडवण्याआधी कॅमेऱ्याला मापाच्या राखाडी पाटीचा फोटो दाखवायला विसरू नका. तो राहिला तर दोन तारखांचे नकाशे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

१०. नकाशात लाल डाग आला. आता काय करू?

आधी तिथे चालत जा. मोबाइलवर ती जागा लावा, एक विळा, एक खुरपं आणि पाण्याची बाटली घ्या, आणि डागाच्या मधोमध पोहोचा. धुऱ्यावरून बघून परत येऊ नका.

देवळी तालुक्यात एका सोयाबीनच्या वावरात अर्ध्या एकराचा डाग आला. मालक चित्र बघताच म्हणाले, "पिवळा मोझॅक आहे, औषध घेऊन येतो." आम्ही आधी आत गेलो. पानं वरून मलूल होती, पण मोझॅकचे हिरवे-पिवळे चट्टे कुठेच नव्हते. एक झाड मुळासकट उपटलं आणि खोड नखाने उभं चिरलं. आतून लालसर वाकडीतिकडी पोखरण, आणि जमिनीच्या जवळ बोटाच्या पेरावर मावेल अशी बारीक फिकट अळी. खोडमाशी. मोझॅक पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी आणलेलं औषध त्या खोडातल्या अळीला काही करणार नव्हतं. आता फवारणीचा उपयोग नव्हता, पण पुढच्या पेरणीला बियाण्याला कीटकनाशकाची प्रक्रिया करायचीच हे तिथेच ठरलं.

म्हणून डागातलं एक झाड आणि चांगल्या जागेतलं एक झाड, दोन्ही उपटा आणि शेजारी ठेवा. मुळं बघा, खोड चिरा, पानाची खालची बाजू उलटा. तरी कळलं नाही तर दोन्ही झाडं ओल्या गोणपाटात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. फक्त खराब झाड नेलं तर तिथल्या शास्त्रज्ञालाही तुलना करायला काही राहत नाही.

११. डागाच्या आकारावरून काही अंदाज येतो का?

बराच येतो, आणि मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. सरळ रेघ निसर्गाची नसते. तासाच्या बाजूने सरळ पिवळी पट्टी आली तर पेरणीयंत्राची एक नळी अडकली होती, खत पडलं नाही, किंवा फवारणीत एक पट्टा सुटला असं समजा. गोल डाग मधून बाहेर पसरत असेल तर मुळाचा रोग. तुरीची मर अशीच ठिगळांनी दिसते. डाग धुऱ्याकडून आत सरकत असेल तर कीड धुऱ्यावरच्या गवतातून येते आहे, किंवा बाभळी-निंबाची सावली आहे. नालीसारखा वाकडातिकडा, उताराच्या दिशेने गेलेला डाग म्हणजे पाण्याची वाट.

आणि कधीकधी एकदम चौकोनी, गर्द हिरवा डाग येतो. एका ठिकाणी आम्ही अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी मालकाची आई म्हणाली, "तिथं आपला जुना उकिरडा होता नं." वीस वर्षांनंतरही जमीन ते विसरली नव्हती.

१२. जिथे पिवळं दिसतं तिथे थोडा जास्तीचा युरिया टाकला तर?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळ्यात जास्त पैसा मातीत जातो. पाणी साचलेल्या जागी मुळांना हवा मिळत नाही, सोयाबीनच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी काम करत नाहीत. तिथे युरिया नको, नाली काढायला हवी. चुनखडीच्या जमिनीत शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. कपाशीत पानं लाल होत असतील तर लाल्या, त्यात मॅग्नेशियमचा आणि नत्राचा दोन्हींचा संबंध येतो. वरून हे सगळं जवळपास एकाच रंगाचं दिसतं. पान वरचं की खालचं, हे जमिनीवर उभं राहूनच कळतं.

कपाशीची आकस्मिक मर वेगळी. लांब खंड पडून एकदम जोराचा पाऊस झाला आणि मग कडक ऊन पडलं, की उभी झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात. तिथे पहिलं काम साचलेलं पाणी काढणं. ड्रोन अशा वेळी कामाचा, कारण पाणी कोणत्या कोपऱ्यात अडलं आहे ते पाच मिनिटांत दिसतं.

१३. दरवर्षी तिथेच डाग येतो. रोग असेल का?

दरवर्षी, पीक बदललं तरी, त्याच जागी येत असेल तर रोग नाही, जमीन आहे. बरड किंवा मुरमाड पट्टा असेल, नाहीतर चोपण (क्षारांनी घट्ट झालेली जमीन). अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हे ठळकपणे दिसतं. यासाठी ड्रोनवर खर्च करू नका. उपग्रहाची मागच्या पाच वर्षांची सप्टेंबरची चित्रं एकावर एक ठेवून बघा. डाग जागचा हलत नसेल तर तिथली माती वेगळी काढून तपासा. आपण सहसा अख्ख्या वावराची माती एकत्र मिसळून नमुना देतो, त्यात हा कोपरा लपून जातो.

१४. नकाशा हिरवागार आला, पण वावरात तर तण माजलं आहे!

कॅमेऱ्याला पीक आणि तण यात फरक कळत नाही. हिरवं ते हिरवं. पावसाने डवरणी (तासांमधली कोळपणी) लांबली की एनडीव्हीआय उलट वाढलेला दिसतो. तासांच्या मधल्या जागेत हिरवं दिसतंय का, हे साध्या फोटोत मोठं करून बघा. असाच उलटा धोका काढणीजवळ: सोयाबीन पिकून पानं गाळायला लागलं की नकाशा लाल होतो. लवकर येणारं वाण शेजारी पेरलं असेल तर ते आधी लाल होईल. ती आजाराची खूण नाही. पेरणीची तारीख आणि वाण नकाशावरच लिहून ठेवा.

१५. संत्र्याची बाग लाल दाखवली. आम्ही ताणावर सोडली होती.

मग बरोबरच दाखवली. आंबिया किंवा मृग बहारासाठी पाणी तोडल्यावर झाड मुद्दाम उपाशी ठेवलं जातं. त्या काळातला नकाशा रोग शोधायला वापरू नका. उलट अख्खी बाग ताणात असताना मधली चार झाडं हिरवीगार दिसली, तर तिथे ठिबकची नळी गळते आहे किंवा विहिरीचा झिरपा आहे. त्या झाडांना नीट ताण बसला नाही, म्हणून त्यांचा बहार फसणार.

बागेत थर्मल कॅमेरा जास्त उपयोगी पडतो. पाणी मिळणारं पान घाम सोडून थंड राहतं, तहानलेलं पान तापतं. बहार धरल्यानंतर एका ओळीतली सगळी झाडं गरम दिसली तर आधी ती लॅटरल (ठिबकची नळी) तपासा. एकटं-दुकटं झाड गरम असेल तर बुंध्याशी बसून डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) बघा. वरूड-मोर्शीकडे पाणी किती खोल गेलं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे एका बंद ओळीचा पत्ता वेळेत लागणं मोलाचं आहे. आणखी एक अपवाद कोळशीचा. काळ्या माशीमुळे पानांवर काजळी चढली की कॅमेऱ्याला ती बाग आजारी दिसते. तिथे पाण्याची नाही, त्या माशीची सोय लावायची.

१६. आमच्याकडे धान आहे. बांध्यांमध्ये हे चालतं का?

भंडारा-गोंदियाकडून हा प्रश्न येतो. चालतं, पण रोवणी झाल्यावर महिनाभर खाली पाणी चमकतं आणि आकडे बिघडतात. तुडतुड्यांचं नुकसान गोल जळालेल्या ठिगळांनी दिसतं, पण तोवर उशीर झालेला असतो, कारण ते बुडाशी पाण्याजवळ बसतात. धानात चूड हाताने बाजूला सारून बुडाशी बघणं ड्रोनपेक्षा लवकर कळवतं.

१७. रानडुक्कर आणि रोह्यांचं (नीलगायींचं) नुकसान मोजता येतं का?

येतं, आणि सोपं आहे. लोळवलेलं पीक साध्या कॅमेऱ्यातही दिसतं आणि क्षेत्र मोजता येतं. पण भरपाईसाठी वनविभागाचा पंचनामाच लागतो. तुमचं चित्र त्याला जोड म्हणून द्या.

१८. ड्रोनचे फोटो दाखवून पीक विमा मिळेल का?

नुसत्या फोटोवर नाही. विमा त्या हंगामाच्या योजनेतल्या पद्धतीने ठरतो आणि अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा. ई-पीक पाहणी वेळेत करा. ड्रोनचा नकाशा असला तरी ती टळत नाही. तारीख आणि जागा नोंदलेला फोटो जपून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार होतो.

१९. उडवताना शेजाऱ्याचं वावर फोटोत येतं. तो भांडतो.

त्याला आधी विचारा. वावरात बायका निंदत असतील तर त्यांनाही सांगा, किंवा त्यांची सुटी होईपर्यंत थांबा. शेजाऱ्याच्या वावराचा नकाशा त्याला न विचारता कुणालाही, विशेषतः गटातल्या व्हॉट्सॲपवर, टाकू नका.

२०. कपाशीचा नकाशा पूर्ण हिरवा आला. म्हणजे गुलाबी बोंडअळी नाही ना?

असा अर्थ काढू नका. या एका चुकीने अख्खा हंगाम जाऊ शकतो. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बोंड बाहेरून हिरवं, झाड तजेलदार, पानं दाट. कॅमेऱ्याला दिसण्यासारखं बाहेर काहीच नसतं. तिच्यासाठी कामगंध सापळेच (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लागतात. सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की सावध व्हा. फुलोऱ्यात डोमकळ्या शोधा, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून चिकटलेल्या असतात.

पुढे दर आठवड्याला एकरातून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा. जुनी, टणक झालेली नकोत, दाबल्यावर किंचित दबणारी घ्या. आत शिरलेल्या अळीचं बाहेरचं छिद्र लवकर भरून येतं, म्हणून नुसतं फिरवून बघू नका, फोडा. आतल्या बाजूला बारीक फोड किंवा खरवडल्यासारख्या रेघा, दोन कप्प्यांच्या पडद्याला आरपार भोक, आणि पांढरी किंवा गुलाबी झालेली अळी. २० पैकी २ बोंडांत हे मिळालं, म्हणजे १० टक्के झालं, की त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) फोन करा.